माथेरानची माकडं आणि दाण्याची पुडी

गेल्या आठवड्यात नातवंडं माथेरानला जाऊन आली. धाकटीच्या हातातली वेफर्सची पिशवी माकडाने पळवली, म्हणून ती अजून फुरंगटून बसली आहे. "आजोबा, माकडं चोर का असतात?" मी इतिहासाचा मास्तर, त्यामुळे उत्तर १८५० पासून सुरू झालं!

त्या वर्षी मे महिन्यात ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट आपल्या खालापूर तालुक्यातल्या चौक गावाहून हा डोंगर चढला. त्याने माथेरान 'शोधलं' असं पुस्तकांत असतं. ठाकर, कातकरी, धनगर या डोंगररानात आधीपासून होतेच; माकडंही होती. मग गव्हर्नर एल्फिन्स्टन आला, बंगले झाले. १९०७ मध्ये पीरभॉय कुटुंबाच्या पैशातून नेरळहून छोटी गाडी धावू लागली. मुंबईकर वर आला, त्याच्याबरोबर खाऊही आला. फळं, पानं, किडे शोधत दिवसभर हिंडणाऱ्या माकडाला आयता शेंगदाणा म्हणजे चैनच! हात पुढे केला की मिळतं हे ते शिकलं, आणि नाही मिळालं तर ओढायलाही शिकलं.

बालीतल्या उलुवाटू देवळाजवळची माकडं तर चष्मा, फोन पळवतात आणि खाऊ घेऊनच परत देतात. तिथली मोठी माकडं महागाची वस्तू ओळखतात आणि तिच्यासाठी जास्त अडून बसतात, असं संशोधकांनी २०२१ मध्ये लिहिलं.

हे वाचलं आणि आमची एक जुनी सहल आठवली. माथेरानला माझा चष्मा माकडाने पळवला. एका पोराने दाणे फेकले, माकडाने चष्मा टाकला. पोराने तो पुसून माझ्यापुढे धरला आणि दुसरा हात पसरला. बघतो तर माझ्याच वर्गातला, दोन महिने गैरहजर असलेला मुलगा! टोपलीत दाण्याच्या पुड्या होत्या. माकडांना घालायला लोक पुडी घेत, आणि माकडाने काही पळवलं की ते सोडवायलाही पुडीच लागे. दोन्हीकडून धंदा त्याचाच, पण कमाई ती किती? डोंगराची मोठी कमाई बंगलेवाल्यांकडे आणि हॉटेलवाल्यांकडे जात होती. त्यांना मी कधी जाब विचारला नव्हता.

त्याला मात्र सगळ्यांदेखत "चोराचा साथीदार" म्हणालो. तो मान खाली घालून उभा राहिला. पुन्हा शाळेत आला नाही.

नातीला एवढंच सांगितलं, माकडाला आपणच शिकवलं. बाकीचं सांगायचं राहिलं. असो.

चष्म्याचे पैसे मी त्याला दिले नव्हते.