चरबीची चुगली

तुमच्या पोटावरची चरबी गप्प बसलेली नसते. ती रक्तात सतत निरोप सोडत असते आणि ते निरोप मोजता येतात. ही गोष्ट वैद्यकाने मनावर घ्यायला १९९४ साल उजाडावं लागलं. तोवर चरबी म्हणजे कणगी: सुगीत भरायची, दुष्काळात उपसायची. कणगी बोलते असं कोण म्हणेल?

पहिला सुगावा उंदरांनी दिला. अमेरिकेतल्या मेन राज्यात, बार हार्बर गावच्या जॅक्सन प्रयोगशाळेत १९४९च्या सुमारास काही उंदीर असे जन्मले की ते खातच सुटायचे. पुढे तिथल्याच डग्लस कोलमन यांनी असा लठ्ठ उंदीर आणि एक साधा उंदीर कुशीला कूस लावून शिवले, जेणेकरून रक्त एकमेकांत मिसळावं. लठ्ठ उंदराचं खाणं कमी झालं. म्हणजे साध्या उंदराच्या रक्तात ‘आता पुरे’ असं सांगणारं काहीतरी होतं. ते काय, हे कळायला आणखी वीसेक वर्षं गेली. डिसेंबर १९९४मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने त्याचं जनुक जाहीर केलं. प्रथिनाला नाव मिळालं लेप्टिन. ग्रीक ‘लेप्टॉस’ म्हणजे बारीक. आणि ते तयार कुठे होतं? चरबीतच. कणगीत धान्य किती उरलंय, हे कणगीच मेंदूला कळवत होती.

मग व्हायचं तेच झालं. अ‍ॅमजेन कंपनीने हक्कांसाठी दोन कोटी डॉलर मोजले. लठ्ठपणावर इंजेक्शन आलंच, असं वातावरण होतं. पण लठ्ठ माणसांचं रक्त तपासलं तर लेप्टिन भरपूर! निरोप जात होता, मेंदू ऐकत नव्हता. अपवाद अगदी थोडे. १९९७मध्ये केंब्रिजच्या डॉक्टरांना पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबात दोन चुलत भावंडं सापडली, ज्यांच्या शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. त्यांतल्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर तिची न संपणारी भूक आटोक्यात आली. लाखो लोकांसाठी शोधलेलं औषध अशा मोजक्या मुलांच्या कामी आलं. मला या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत समाधानाचा प्रसंग वाटतो.

दुसरं मोठं नाव अ‍ॅडिपोनेक्टिन. नव्वदच्या दशकात अमेरिका आणि जपान दोन्हीकडे ते सापडलं. ओसाकातल्या मात्सुझावा यांच्या गटाने १९९९मध्ये दाखवलं की ते उलटं वागतं: बनवते चरबीच, पण चरबी वाढली की रक्तात ते कमी होतं. ज्यांच्यात ते जास्त, त्यांना पुढे मधुमेह होण्याची शक्यता कमी, असं अनेक पाहण्यांत दिसलं. मग तेच कारण का? इथे गाडी अडली. जनुकांवरून ताडून पाहिल्यावर कार्यकारणाचा धागा डळमळीत निघाला. शिवाय हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांत अ‍ॅडिपोनेक्टिन जास्त असणं हे चांगलं नव्हे, वाईट लक्षण ठरलं.

रक्तातला असा ‘मार्कर’ म्हणजे चुगलखोर. घरात काय चाललंय ते तो सांगतो. भांडण त्यानेच लावलं असं त्यावरून ठरत नाही.

मी कुवेतमध्ये राहते, म्हणून इथलंच उदाहरण देते. कुवेत टॉवर्सच्या परिसरात दसमान मधुमेह संस्था आहे, २००६ साली स्थापन झालेली. २०१३मध्ये हार्वर्डच्या डग्लस मेल्टन यांच्या गटाने जाहीर केलं की यकृत आणि चरबीत बनणारं एक प्रथिन उंदरांमध्ये इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी वाढवतं. त्यांनी त्याला ‘बीटाट्रोफिन’ असं ऐटदार नाव दिलं. दसमानमध्ये मोहम्मद अबू-फरहा, जिहाद अबूबकर आणि सहकाऱ्यांनी ते माणसांच्या रक्तात मोजलं. मधुमेह्यांत आणि लठ्ठ लोकांत ते वाढलेलं होतं. पण शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतं हे ज्यावरून कळतं, त्या सी-पेप्टाइडशी त्याचा मेळ बसेना. २०१५मध्ये त्यांनी तसं छापलं. हार्वर्डचा मूळ निबंध २०१६च्या अखेरीस मागे घेतला गेला. आज हे प्रथिन रक्तातल्या ट्रायग्लिसराइडचा कारभार पाहणारं म्हणून, एएनजीपीटीएल-८ या रुक्ष नावाने ओळखलं जातं. चुगली खरी होती. आपण तिचा अर्थ चुकीचा लावला होता.

आता आपल्याकडे येऊ. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा लंडनच्या जॉन युडकिन यांच्याबरोबरचा एक फोटो २००४मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. दोघांचा बीएमआय २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. हा फरक पाळण्यापासूनच असतो, हेही याच गटाने दाखवलं होतं. पुण्यातली आणि लंडनमधली नवजात बाळं त्यांनी ताडून पाहिली, नाळेचं रक्त तपासलं. पुण्याची बाळं सहाशे-सातशे ग्रॅमने हलकी, तरी इन्सुलिन जास्त, आणि वजनाच्या मानाने लेप्टिनही जास्त. हाडामांसाने बारीक, चरबीने नाही.

म्हणून परदेशातल्या दवाखान्यात कुणी ‘वजन अगदी छान आहे’ म्हणालं तर हुरळू नका. आपल्यासाठी बीएमआयची सावधगिरीची रेषा २३वर धरतात. कंबर पुरुषांची ९० आणि बायकांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी. तेवढं आणि एचबीए१सी पाहा. लेप्टिन-अ‍ॅडिपोनेक्टिनच्या तपासणीवर मात्र दिनार घालवू नका. हे रोज प्लेटा भरणारी बाई सांगते आहे: एका किटचा आकडा दुसऱ्या किटशी जुळेलच असं नाही, आणि एकट्या माणसाला ‘इतकं म्हणजे नॉर्मल’ असं सांगता येईल अशी सर्वमान्य रेषा अजून नाही.

याज्ञिकांनी १९९३मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांची पाहणी सुरू केली. त्या बायकांची मुलं अठरा वर्षांची झाल्यावर त्यांची साखर तपासली. जवळजवळ निम्म्यांचं वजन गरजेपेक्षा कमी होतं. तरीही ३७ टक्के मुलग्यांत आणि १८ टक्के मुलींत साखर वाढलेली निघाली. त्यांच्याबाबत बोट नुसतं चरबीकडे दाखवता आलं नाही: गर्भातली वाढ खुंटलेली आणि इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी लहानपणापासून कमी पडणाऱ्या. ती मुलं आता तिशीत आहेत, म्हणजे नोकरीसाठी आखातात येण्याच्या वयात.