हिवाळ्याची वाट पाहणारा प्रांत

श्रोतेहो, बाहेर उन्हाची तलखी अजून निवलेली नाही, हातातल्या व्याख्यानपत्रिकेचा पंखा करून आपण वारा घेत आहात आणि अशा वेळी आम्ही हिवाळ्याविषयी बोलावयास उभे आहोत. यात थोडी गंमत आहे हे आम्हांलाही कळते. पण वाट पाहण्याचे दिवस हेच असतात. आपल्याकडे या दिवसांत डोळे लागतात ते मृगाच्या पावसाकडे. हिवाळ्याची अशी वाट आपण कधी पाहत नाही. तो येतो, चार दिवस शेकोटी पेटते, हुरड्याचे बेत होतात आणि तो जातो. हिवाळा आला नाही म्हणून कोणी देव पाण्यात ठेवल्याचे आम्ही ऐकलेले नाही.

मात्र युरोपात एक प्रांत असा आहे की जेथे माणसे थंडीची वाट जवळजवळ आपल्या पावसासारखी पाहतात. नेदरलंड्सच्या उत्तरेचा हा फ्रीसलंड प्रांत. नेदरलंड्सचे लोक आपल्याला परके नाहीत. आपल्या बखरींतले वलंदेज ते हेच, आणि त्यांची वखार सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास होती. व्यापारी आणि दर्यावर्दी म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांच्या घरच्या हिवाळ्याची आपल्याला फारशी माहिती नाही.

फ्रीसलंड हा सपाट, सखल, पाण्याने चिरफाळलेला मुलूख. तळी, नाले आणि कालवे यांचे जाळे गावोगाव पसरलेले. पूर्वी चिखलाच्या रस्त्यांपेक्षा पाण्याची वाट सोयीची असे. पाणी गोठले की नाव अडते, पण माणसाची वाट दुप्पट मोकळी होते. लाकडी तळाला लोखंडी पाते बसवायचे, ते बुटाला वादीने बांधायचे आणि बर्फावरून सरकत निघायचे. चालत जे अंतर दिवसभराचे ते दोन-तीन तासांत उरकते. शेजारच्या गावची आत्याबाई, दूरचा बाजार, सोयरिकीची बोलणी, सारे एकदम जवळ येते.

या प्रांतात जुन्या सनदांची अकरा नगरे आहेत. लीउवार्डन हे मुख्य. मग स्नेक, एइल्स्त, स्लोटन, स्टाव्होरन, हिंडलोपन, वोर्कुम, बोल्स्वर्ड, हार्लिंगन, फ्रानेकर आणि डोक्कुम. एका दिवसात, गोठलेल्या पाण्यावरून, या अकराही नगरांना भेट देऊन परत लीउवार्डनला यायचे, हा तिथल्या धाडसी तरुणांचा जुना हव्यास. अंतर जवळजवळ २०० किलोमीटर. १८९० च्या डिसेंबरात पिम म्युलिर नावाच्या क्रीडाप्रेमी पत्रकाराने ही फेरी केली आणि तिला रीतसर रूप द्यावे असे त्याच्या मनाने घेतले. २ जानेवारी १९०९ रोजी पहिली संघटित यात्रा निघाली. वीस-बावीस माणसे होती. मिन्ने हूक्स्ट्रा हा धर्मशास्त्राचा विद्यार्थी पहिला आला. त्याच महिन्यात अकरा नगरांची एक संस्था स्थापन झाली आणि पुढची सर्व व्यवस्था तिच्याकडे गेली.

'यात्रा' हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो. शर्यत आहेच, पण शर्यतीत धावणारे काही शेकडा आणि त्यांच्या मागून निघणारे साधे फेरीवाले हजारो. प्रत्येकाजवळ एक पत्र असते. त्यावर नगरोनगरी शिक्का घ्यायचा आणि मध्यरात्रीपूर्वी परतायचे. बक्षीस काय, तर एक लहानसा क्रूस. कोणाला पंढरीच्या वारीची आठवण होईल. पण वारीची तिथी पंचांगात असते. या यात्रेला तिथी नाही. सगळ्या वाटेवर बर्फ १५ सेंटिमीटर जाड झाला तर यात्रा, नाही तर नाही. वाटेचे बावीस विभाग पाडलेले असून प्रत्येकाचा एक प्रमुख असतो. तो आपल्या हद्दीत भोक पाडून जाडी मोजतो. सगळ्यांचा होकार आला की दोन दिवसांत देशाचा देश उलटतो.

येथे एक बारकावा सांगितला पाहिजे, कारण आपल्यासारख्या उष्ण देशातल्या माणसाचा तेथे घोटाळा होतो. आपल्याला वाटते, आकाशातून हिम पडले की हिवाळा साजरा झाला. फ्रीसलंडच्या बर्फप्रमुखाला आकाशातून पडणारे हे भुसभुशीत हिम म्हणजे शत्रू! पाणी गोठते ते आपली उष्णता वरच्या थंड हवेला देऊन. बर्फाचा थर जसजसा जाडावतो तसतशी ही देवघेव मंदावते. त्यावर हिमाची गोधडी पडली की ती जवळजवळ थांबते आणि खालचा बर्फ वाढेनासा होतो. पुलांच्या खाली आडोसा असतो, तेथे बर्फ पातळ राहतो. अशा जागी स्पर्धक पायांतली पाती न सोडताच काठावर चढून, अंथरलेल्या चटयांवरून डुलत डुलत चालतात आणि पुढे पुन्हा बर्फावर उतरतात. तेव्हा हवी असते ती कोरडी, निरभ्र, वारा नसलेली, रात्रंदिवस टिकणारी थंडी. असा योग दरवर्षी येत नाही. म्हणूनच तर वाट पाहायची.

आता या लोकांच्या आठवणीतले हिवाळे पाहू. चित्रकारांनी ते फार सुंदर रंगवले आहेत. १५६४-६५ चा हिवाळा भयंकर होता आणि १५६५ मध्ये ब्रूगेलने बर्फातून परतणाऱ्या शिकाऱ्यांचे आपले प्रसिद्ध चित्र काढले. पुढे कांपन गावच्या हेंड्रिक आव्हरकांपने जन्मभर बहुतेक हिवाळाच रंगवला. हा गृहस्थ मुका होता. त्याच्या चित्रांत गोठलेल्या नदीवर सारा गाव लोटलेला असतो : सरदार, कोळी, भिकारी, घसरून पडलेली बाई, चेंडू टोलवणारी मुले. जत्राच ती. पण ॲम्स्टरडॅमच्या संग्रहालयातल्या त्याच्या एका चित्राचा डावा कोपरा न्याहाळून पाहावा. तेथे एका मेलेल्या जनावराचा सांगाडा पडला आहे आणि कुत्रा व कावळा त्याचे लचके तोडीत आहेत. शेजारी पाखरे पकडण्यासाठी एक जुने दार टेकू देऊन उभे केलेले आहे. जत्रेच्या कडेला भूक बसलेली आहे, हे त्या मुक्या माणसाने पाहिले होते.

आव्हरकांप १६३४ मध्ये वारला. योगायोग असा की त्याच वर्षापासून हॉलंडच्या हिवाळ्यांचा दुसराच एक साक्षीदार बोलू लागतो. ॲम्स्टरडॅम आणि हारलेम यांच्यामधल्या नव्या कालव्यावर घोड्याने ओढलेल्या प्रवासी नावा ठरलेल्या वेळी सुटत. त्यांच्या उत्पन्नाचे हिशेब ठेवलेले होते. बर्फाने कालवा बंद पडला की उत्पन्न बंद, आणि तेवढ्या दिवसांची नोंद वहीत. १९७० नंतरच्या दशकात अभ्यासकांनी या वह्या उलगडल्या. उष्णतामापकाच्या नियमित नोंदी तेथे अठराव्या शतकाच्या आरंभीच्या, म्हणजे या वह्या त्यांहून सत्तरएक वर्षांनी जुन्या. कालवा जितके दिवस अडला तितका हिवाळा कडक, या साध्या हिशेबाने जुन्या हिवाळ्यांची थंडी अजमावता आली. कारकुनाने पैशांसाठी केलेली टाचणे हवामानाच्या इतिहासाला उपयोगी पडावीत, याचे आम्हांला मोठे कौतुक वाटते. आपल्याकडच्या देवस्थानांच्या आणि जमाबंदीच्या दप्तरांतही असे काही दडले असेल. असो.

या वह्यांनी एक भ्रम दूर केला. 'पूर्वीचे हिवाळे काही निराळेच!' असे प्रत्येक पिढीचे म्हातारे म्हणतात. सतराव्या शतकातली थंडी आजच्याहून कडक होती हे खरे. पण ती अखंड नव्हती. कडक हिवाळ्यांच्या मधून मधून सौम्य हिवाळेही येत, आणि ते कोणी रंगवले नाहीत, नातवंडांना सांगितले नाहीत.

आणि बर्फ म्हणजे केवळ खेळ नव्हता. कालवे गोठले की नावाडी, शेतमजूर यांचे काम बंद. एकोणिसाव्या शतकात फ्रीसलंडच्या गावोगावी गरीब मजुरांसाठी बर्फावरच्या शर्यती लावीत, आणि त्यांची बक्षिसे म्हणजे खारवलेले डुकराचे मांस, वाटाणे, घेवडे. बेकार झालेला गडी जीव तोडून धावे तो घरच्या चुलीसाठी. काही जण झाडू घेऊन बर्फाची वाट साफ करीत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पैसा मागत. काही जण काठावर गरम पेय आणि केक विकीत. या दुकानांविषयी आज जे मायेने लिहिले जाते, त्यात ती मांडणाऱ्यांची गरज कोणी आठवत नाही.

युद्धाचा संबंध तर फारच निकटचा. १६७२ मध्ये फ्रेंचांनी अर्धा देश घेतला, तेव्हा वलंदेजांनी स्वतःची शेते बुडवून पाण्याचा तट उभा केला. डिसेंबरअखेर तो तट गोठला आणि शत्रूला सडक मिळाली. सेनापती लक्झेंबर्ग फौज घेऊन बर्फावरून निघाला, पण वाटेत बर्फ वितळू लागला आणि त्याला परतावे लागले. जाताना बोडेग्राव्हन आणि झ्वामरडाम ही गावे त्याने जाळली. ज्या वितळण्याला फ्रीसलंडचा फेरीवाला शिव्या देतो, त्याच वितळण्याने एकदा हॉलंड वाचवले.

विसाव्या शतकात १९४०, १९४१ आणि १९४२ असे लागोपाठ तीन हिवाळे यात्रा भरली. पहिली स्वतंत्र देशात, नंतरच्या दोन जर्मन अंमलाखाली. १९४० मध्ये पाच जणांनी डोक्कुमला आपसांत ठरवून जोडीने शर्यत संपवायचे योजले. पुढे संस्थेने असे करण्यास बंदी घातली. तरीही १९५६ मध्ये पाच जण हातांत हात घालून आले, आणि त्या वर्षी विजेता जाहीरच झाला नाही. नियम मोडला हे खरे. आमचे मत मात्र त्या पाच जणांच्या बाजूचे आहे.

१९४४-४५ चा हिवाळा त्या देशात 'भुकेचा हिवाळा' म्हणून ओळखला जातो. रेल्वे कामगारांच्या संपाचा सूड म्हणून जर्मनांनी पश्चिमेकडच्या शहरांचा धान्यपुरवठा तोडला. पुढे पाण्याच्या वाटेने धान्य आणण्याची थोडी मोकळीक दिली, तो कालवे गोठले. तीनशे वर्षांपूर्वी कारकुनाने वहीत टिपलेले तेच अडलेले पाणी. पण या वेळी अडल्या त्या धान्याच्या नावा. वीस हजारांहून अधिक माणसे मेली. हजारो मुलांना उत्तरेकडच्या शेतकऱ्यांच्या घरी पोचवण्यात आले. फ्रीसलंडनेही त्यांना जेवू घातले.

१८ जानेवारी १९६३ ची यात्रा तर दंतकथाच झाली आहे. पहाटे पारा शून्याखाली १८ अंशांच्या आसपास, पूर्वेचा बोचरा वारा, आणि वाटेवर उडून साचलेले हिम. भेगा दिसेनात, डोळे गोठू लागले. राइनिर पापिंग सर्वांना मागे टाकून कित्येक तास एकटा पुढे होता. त्याने १० तास ५९ मिनिटांत फेरी पुरी केली. मागून निघालेल्या नऊ हजारांहून अधिक फेरीवाल्यांपैकी शेवटास पोचले अवघे ६९. त्या वर्षाला लोक '६३ चा नरक' म्हणतात, आणि गंमत अशी की याच नरकाविषयी ते सर्वांत अधिक अभिमानाने बोलतात.

त्यानंतर बावीस वर्षे बर्फच पुरेसा झाला नाही. संस्था आता इतिहासजमा, असे लोक म्हणू लागले होते. तोच २१ फेब्रुवारी १९८५ उजाडला आणि यात्रा निघाली. पुढच्याच वर्षी पुन्हा. दोन्ही वेळा एव्हर्ट व्हान बेंथम हा शेतकरी जिंकला. १९८६ च्या गर्दीत 'व्हान ब्यूरन' या आडनावाने नोंद केलेला एक तरुण होता. तो निघाला युवराज विलम-अलेक्झांडर, २०१३ पासूनचा नेदरलंड्सचा राजा. ४ जानेवारी १९९७ रोजी पंधरावी यात्रा झाली. 'इट गीत ओअन', म्हणजे 'ती निघते आहे', हे अध्यक्ष हेंक क्रूस यांचे फ्रीसी शब्द तेव्हा सगळ्या देशाच्या तोंडी झाले.

पंधरावी यात्रा झाली, ती अजून तरी शेवटचीच. १९०९ पासून १९६३ पर्यंतच्या ५४ वर्षांत बारा यात्रा. त्यानंतरच्या साठांहून अधिक वर्षांत तीन. पृथ्वीचे हवामान तापते आहे, हे आकडेवारीत वाचणे निराळे आणि आपल्या गावच्या कालव्यावर पाहणे निराळे. २०१२ च्या फेब्रुवारीत आशा फार बळावली होती. माणसे हिम झाडून वाटा मोकळ्या करीत होती, सगळा देश बातम्यांना कान लावून बसला होता. ८ तारखेच्या संध्याकाळी संस्थेने जाहीर केले की दक्षिणेकडच्या भागात बर्फ पातळ आहे, यात्रा होणार नाही. १९८९ पासून पुष्कळ वलंदेज ऑस्ट्रियातल्या व्हाइसन्झे तलावावर जाऊन, डोंगरांच्या कुशीत २०० किलोमीटरची गोल गोल फेरी घालून येतात. अंतर तेच, पण तेथे अकरा नगरे नाहीत, शिक्का मारणारा ओळखीचा म्हातारा नाही.

१९९७ च्या जानेवारीत जन्मलेले मूल आज संसाराला लागण्याच्या वयाचे झाले, तरी त्याला ही यात्रा कळते ती बापाच्या तोंडून. पण १९६३ नंतरची बावीस वर्षे लोकांच्या ध्यानात आहेत. संस्थेचे सभासद अजून दरवर्षी वर्गणी भरतात, बावीस विभागांना बावीस प्रमुख नेमलेले आहेत, आणि थंडीची पहिली लाट आली की ते कालव्याच्या काठी जाऊन बर्फ मोजतात.