विलायत-ए-फकीह : इराणमधील धर्मगुरूंची राजवट

राज्याची सूत्रं धर्मगुरूंच्या हाती असतात, त्या व्यवस्थेला धर्मसत्ता म्हणतात. आधुनिक काळातलं तिचं ठळक उदाहरण म्हणजे इराण. १९७९ च्या क्रांतीत शाहची राजवट गेली, सार्वमत झालं आणि इस्लामी प्रजासत्ताक आलं. आयतुल्ला खोमेनी यांनी १९७० मध्ये नजफच्या व्याख्यानांत मांडलेली 'विलायत-ए-फकीह', म्हणजे शरियतच्या जाणकाराची हुकूमत, राज्यघटनेत आली.

राष्ट्राध्यक्ष आणि मजलिस लोकच निवडतात. पण उमेदवार कोण असावा, हे १२ जणांची पालक परिषद ठरवते. त्यातले ६ फकीह सर्वोच्च नेता नेमतो. सैन्यही त्याच्याच अखत्यारीत.

या काळात मुलींचं शिक्षण खूप वाढलं. पण हिजाबची सक्तीही आली. २०२२ मध्ये महसा अमिनी पोलिसांच्या ताब्यात असताना मरण पावली आणि देशभर लोक रस्त्यावर उतरले.

सगळ्याच शिया उलमांना ही कल्पना मान्य नव्हती. आयतुल्ला मुंतझरी तर तिचे शिल्पकार. १९८८ मध्ये कैद्यांच्या फाशीला त्यांनी विरोध केला, तेव्हा खोमेनींचं वारसपद गेलं; पुढे पाच वर्षं नजरकैद भोगावी लागली. सरकारवरची टीका दीनवरची टीका ठरू लागली, की आलिमालाही बोलणं महाग पडतं.