यादीतला खोटा पक्षी

आमच्या पक्षिमित्र गटाच्या रविवारच्या फेरीत यादी मी लिहिते. ‘बहुतेक शिक्राच’ असं कुणी म्हटलं, तर नोंदवत नाही. याला कारण रानपिंगळा.

या छोट्या घुबडाचा शेवटचा खरा नमुना १८८४ साली खानदेशात मिळाला. पुढे कर्नल मायनर्ट्झहागेननं १९१४ साली गुजरातेतल्या मांडवीत एक मिळाल्याचं नोंदवलं. पामेला रासमुसेन यांनी तपासलं, तर नमुना जुना, चोरलेला. चिठ्ठी तेवढी नवी! मग मांडवी सोडून त्यांनी आणि सहकाऱ्यांनी जुन्या खऱ्या जागा धुंडाळल्या. नोव्हेंबर १९९७मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा दिसला.

आज आपली नोंद फोनवरून क्षणात जगभर जाते. उद्या तिच्या भरवशावर कुणीतरी रान तुडवणार आहे.