स्लॅब सेरिफ इटॅलिक: खरं तिरकं आणि खोटं तिरकं ओळखायचं कसं?

व्हॉट्सअ‍ॅपवर शब्दाच्या दोन्ही बाजूंना अंडरस्कोर टाकला की तो शब्द तिरका होतो, हे तुम्हाला माहीत असेलच. पण ती तिरकी अक्षरं येतात कुठून? कधी ती कुणीतरी वेगळी काढलेली असतात, तर कधी फोन सरळ अक्षरंच कलती करून दाखवतो. स्लॅब सेरिफ फॉन्टमध्ये हा फरक चटकन दिसतो, म्हणून आज तेच उदाहरण घेऊ.

स्लॅब सेरिफ म्हणजे काय?

इंग्रजी अक्षरांच्या टोकांना जी छोटी पावलं असतात, त्यांना सेरिफ म्हणतात. टाइम्स न्यू रोमनमध्ये ती निमुळती असतात. स्लॅब सेरिफमध्ये ती जाड आणि चौकोनी असतात, जणू अक्षराखाली फरशीचा तुकडा ठेवलाय. हा प्रकार 19व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये आला आणि जाहिरातींच्या मोठ्या अक्षरांसाठी लोकप्रिय झाला. रॉकवेल, कुरियर, रोबोटो स्लॅब ही त्यातली आजची ओळखीची नावं.

इटॅलिक म्हणजे काय?

इटॅलिक म्हणजे नुसतं तिरकं अक्षर नाही. 1501 मध्ये व्हेनिसच्या आल्डस मानुशियस या प्रकाशकाने इटॅलिक टाइपात पहिलं पुस्तक छापलं. तो टाइप फ्रान्चेस्को ग्रिफोने घडवला होता, आणि त्याचा नमुना होता त्या काळचं हस्ताक्षर. म्हणून खऱ्या इटॅलिकमध्ये अक्षराचा आकारच बदलतो: छोटा ‘ए’ बहुतेक वेळा आपण वहीत काढतो तसा एकमजली होतो, अक्षरं थोडी अरुंद होतात.

मग अडचण कुठे येते?

हस्ताक्षर वाहतं असतं आणि स्लॅब सेरिफ ठोकळेबाज. दोन्ही एकत्र आणायचे डिझायनरकडे दोन मार्ग आहेत.

पहिला मार्ग ऑब्लिक. सरळ अक्षरंच कलती करायची, पण नंतर गोलाई आणि जाडी हाताने दुरुस्त करायची. रॉकवेल आणि कुरियरचे तिरके प्रकार या जातीचे आहेत.

दुसरा मार्ग खऱ्या इटॅलिकचा. पावलं कमी करायची आणि रेघेच्या शेवटाला लिहितानाचं वळण द्यायचं. डच डिझायनर पीटर मॅथियास नोर्डझाय यांचा सेसिलिया (1990) याचं उत्तम उदाहरण. किंडलवर अनेक वर्षं हाच फॉन्ट दिसायचा, 2015 मध्ये बुकर्ली आला तोपर्यंत. फुकट हवा असेल तर मोझिलासाठी 2017 मध्ये बनलेला झिला स्लॅब घ्या. तो गूगल फॉन्ट्सवर आहे आणि त्याच्या पाचही जाडींना इटॅलिक आहे.

फोन खोटं इटॅलिक कसं बनवतो?

फॉन्टमध्ये इटॅलिक नसेल आणि अ‍ॅपने ते मागितलं, तर सॉफ्टवेअर जुगाड करतं. अँड्रॉइडमध्ये त्यासाठी सुचवलेला आकडा आहे उणे 0.25. म्हणजे 100 पिक्सेल उंच अक्षराचा माथा 25 पिक्सेल उजवीकडे सरकवायचा आणि मधले बिंदू त्या प्रमाणात. कोन होतो साधारण 14 अंश. गणित सोपं आहे, पण डोळा फसत नाही. गोल अक्षराची जाडी एका बाजूला वाढते, दुसऱ्या बाजूला घटते. चौकोनी पावलांच्या कडाही तिरप्या होतात. पातळ सेरिफमध्ये हे खपून जातं, जाड स्लॅबमध्ये उघडं पडतं.

ही चूक मी स्वतः केली आहे. एका बिलाच्या अ‍ॅपमध्ये मी रोबोटो स्लॅब वापरला आणि ‘शेवटची तारीख’ची सूचना इटॅलिक केली. रोबोटो स्लॅबला इटॅलिक नाही आणि त्यात देवनागरीही नाही. मराठी निवडल्यावर फोनने स्वतःचा देवनागरी फॉन्ट घेतला आणि तोही कलता केला. आईने फोन लांब धरून विचारलं, “हे असं कलंडलंय का रे?” पूर्ण स्क्रीनवर जी एक ओळ वाचायलाच हवी होती, तीच वाचता येत नव्हती.

देवनागरीत असं का होतं? कलतं करताना शिरोरेखा आडवीच राहते, पण काना आणि वेलांट्या झुकतात. बारीक आकारात जोडाक्षरं एकमेकांत मिसळतात. मराठी छपाईत जोर द्यायला ठळक टाइप किंवा अवतरणचिन्हं सर्रास चालतात, आणि स्क्रीनवरही तेच बरं.

कुठे वापरायचं, कुठे टाळायचं?

• इंग्रजी मजकुरात पुस्तकाचं नाव, परका शब्द किंवा जोर द्यायचा शब्द: इटॅलिक चांगलं.
• लांब परिच्छेद किंवा बारीक सूचना: टाळा.
• मराठी मजकूर: ठळक करा, तिरका नको.
• फॉन्ट निवडताना यादीत ‘इटॅलिक’ वेगळं दिलंय का बघा. कर्मा या फॉन्टमध्ये स्लॅब इंग्रजी आणि देवनागरी दोन्ही आहेत, पण इटॅलिक नाही.
• वेबसाइट बनवत असाल तर सीएसएसमध्ये ‘फॉन्ट-सिंथेसिस’ला ‘नन’ द्या. खोटं तिरकं बंद होईल. खोटं ठळकही बंद होतं, म्हणून बोल्डची फाइल जोडायला विसरू नका.

आणि झटपट परीक्षा हवी असेल तर छोटा ‘ए’ बघा. सरळ अक्षरात तो दुमजली असेल आणि तिरक्यातही दुमजलीच राहिला, तर बहुतेक वेळा अक्षर फक्त कललंय, इटॅलिक झालेलं नाही.