मशालीच्या उजेडातील बेल्व्हेदेरे

अठराव्या शतकाच्या अखेरीस रोमला जाणारे प्रवासी व्हॅटिकनमधील प्राचीन मूर्ती रात्री मशालींच्या उजेडात पाहत असत. या प्रघाताकडे त्या काळच्या भावविवश अभिरुचीचा एक चाळा म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. ते अगदीच खोटे नव्हे. परंतु बेल्व्हेदेरे चौकाची बांधणी ध्यानात घेतली म्हणजे त्यामागील व्यावहारिक कारणही उघड होते.

१५०६ साली रोममधील एका द्राक्षमळ्यात लाओकोऑनचा शिल्पसमूह सापडला व पोप दुसरा ज्यूलिअस याने तो या चौकात आणविला. अपोलोची विख्यात मूर्तीही येथेच होती. मूर्ती कोनाड्यांत असल्या तरी समोर आकाश मोकळे होते. पुढे १७७२-७३ च्या सुमारास, चौदाव्या क्लेमेंटच्या कारकीर्दीत, सिमोनेत्ती या वास्तुशिल्पज्ञाने चौकाभोवती खांबांची ओवरी उभारली. मूर्तींना आडोसा लाभला, पण थेट प्रकाश तुटला. उरला तो चौकातून परावर्तित होऊन येणारा. अशा प्रकाशाला निश्चित दिशा नसते. त्यात संगमरवर उजळतो खरा, पण अंगावरील उंचसखलपणा पुसट होतो.

गटेने आपल्या इटलीप्रवासाच्या वृत्तान्तात, नोव्हेंबर १७८७ च्या भागात, हाइनरिख मायर या चित्रकार मित्राचे याविषयीचे टिपण दिले आहे. लाओकोऑनवर थेट प्रकाश पडत नसल्याने तो मशालीनेच नीट दिसतो, असे मायर स्पष्ट सांगतो. मशालीमुळे एकच मूर्ती आसपासच्या गर्दीतून वेगळी निघते आणि घडणीतील सूक्ष्म भेद दिसू लागतात, हाही त्याचा मुद्दा. आपल्या ‘छायाप्रकाश’ या समासात छाया आधी येते. वैयाकरण त्याचे कारण ‘अल्पाच्तरम्’ या सूत्रात शोधील. मूर्तिकारालाही तो क्रम मान्य व्हावा.

येथे अभ्यासकाने एक सावधगिरी बाळगली पाहिजे. विंकेलमानने केलेले अपोलोचे वर्णन १७६४ च्या ग्रंथात आहे व तो १७६८ मध्ये वारला. म्हणजे त्याने ओवरी पाहिलीच नाही. विंकेलमान आणि गटे यांच्या अभिप्रायांची तुलना करताना मूर्ती एकच धरली जाते, पण दोघांना दिसलेली मूर्ती एक नव्हती. मतभेदाचा काही भाग अभिरुचीकडे न जाता त्या खांबांकडे जातो.

मायरचे एक विधान मात्र स्वीकारता येत नाही. कलेच्या आरंभकाळातील कृतींना मशालीचा विशेष लाभ होत नाही, कारण त्या कारागिरांना छायाप्रकाशाची जाण नव्हती, असे तो म्हणतो. निदान इजिप्तचा पुरावा याविरुद्ध आहे. तेथील देवळांच्या बाहेरील, उन्हात तळपणाऱ्या भिंतींवर आकृती सामान्यतः पृष्ठभागाच्या आत खोदलेल्या असतात, त्यामुळे तिरप्या उन्हात रेषेच्या कडेला गडद सावली धरते. आतील मंद उजेडातील भिंतींवर मात्र तेच कारागीर उठावाचे काम पसंत करीत.