सल्लागार होण्याआधी

समजा, तुम्ही रायपूरच्या एका दैनिकात मुरलेले बातमीदार आहात आणि मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून माध्यम सल्लागारपदाची विचारणा आली आहे. होकार कळवण्याआधी थोडं मागे चला.

साल 1966, दिल्ली. इंदिरा गांधी नुकत्याच पंतप्रधान झाल्या आहेत. त्यांचे माहिती सल्लागार बी. जी. व्हर्गीस तुमच्यासारखेच पत्रकारितेतून आलेले. 1969 मध्ये ते ‘हिंदुस्थान टाइम्स’चे संपादक होतात. पंतप्रधानांकडे राहतात एच. वाय. शारदाप्रसाद, बेचाळीसच्या लढ्यात तुरुंग भोगलेले, लेखणीवर हुकमत असलेले.

आता 25 जून 1975ची रात्र. बहादूरशाह जफर मार्गावरच्या छापखान्यात तुम्ही उभे आहात. वीज जाते, छपाई थांबते. अंधारात शाईचा वास तेवढा उरतो. सकाळी आकाशवाणीवर पंतप्रधानांचा आवाज: आणीबाणी. मंत्रिमंडळालाही त्याच सकाळी कळलेलं. 28 तारखेच्या ‘इंडियन एक्स्प्रेस’मध्ये अग्रलेखाची जागा कोरी आहे. माहितीमंत्री गुजराल यांचं खातं काढून घेतलं जातं आणि तिथे येतात विद्याचरण शुक्ल, तुमच्या रायपूरचे खासदार.

मग मजकूर आधी सेन्सॉरकडे. चार वृत्तसंस्थांची एकच ‘समाचार’ होते. किशोरकुमारची गाणी आकाशवाणीवरून गायब होतात. व्हर्गीस यांची संपादकपदावरून उचलबांगडी होते. शारदाप्रसाद जागेवरच आहेत. मला व्हर्गीस जवळचे वाटतात, हे लपवत नाही. पण राहणाऱ्याला नुसती नावं ठेवून मोकळा होणार नाही. आत राहून नको असलेली बातमी साहेबांच्या कानावर घालता आली, तर त्या राहण्याला अर्थ आहे.

1975च्या डिसेंबरात कऱ्हाडला चला. साहित्य संमेलनाचे स्वागताध्यक्ष आहेत केंद्रीय मंत्री यशवंतराव चव्हाण. त्यांच्या समोर अध्यक्ष दुर्गाबाई भागवत सरकारविरोधी आंदोलनाचे नेते, आजारी जयप्रकाश नारायण यांच्यासाठी प्रार्थना करायला सांगतात. हजारो माणसांनी पाहिलेली ही गोष्ट कुठल्या फायलीत दडपणार?

मार्च 1977. बिलासपूर रस्त्यावरचं सिलतरा. स्पंज आयर्नच्या चिमण्या अजून उगवायच्या आहेत. लाखोळीची कापणी उरकली आहे, मोहफुलं गळू लागली आहेत. ट्रान्झिस्टर वीस कलमी कार्यक्रमाचं यश सांगतोय. त्याच्याभोवती बसलेली माणसं ऐकतात, मान डोलावतात आणि आवाज उतरवून नसबंदीबद्दल बोलतात. तुमच्या वहीत हे बोलणं आहे. ते दिल्लीच्या टेबलावर पोचायला हवं होतं. ज्यांच्या हाती देशभरच्या बातम्यांची चावी होती, त्या मंत्र्यांना स्वतःच्या मतदारसंघाचा अंदाज आला नाही. लोकसभा निवडणुकीत रायपुरात जनता पक्षाच्या पुरुषोत्तम कौशिक यांनी शुक्लांना हरवलं. तेव्हा रायपूर ज्यात होतं त्या मध्य प्रदेशातल्या 40 जागांपैकी काँग्रेसला मिळाली एक.

आता परत या आणि मुख्यमंत्र्यांना भेटा. गाडी, बंगला, दर्जा यांचं नंतर बघता येईल. रोज सकाळी सरकारविरोधी बातम्यांची कात्रणं, एकही न गाळता, थेट त्यांच्या हातात द्यायची मुभा मागा. ती देत नसतील, तर तुमच्या दैनिकातच राहा. रायपूरला तुमची गरज तिथेच जास्त आहे.